आमची वाटचाल : भिजलेल्या वह्यांनंतर

३१ जुलै २०१९ला बडोद्यात चोवीस तासांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. पाणी मुजमहुड्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये शिरलं आणि खालच्या फळीवरच्या सर्व्हिसच्या वह्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर बाबांनी पानं सुटी करून पंख्याखाली वाळत घातली. बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता येत होतं. जेलपेनचे मात्र नुसते निळे डाग राहिले होते. जेलपेन दुकानात मीच आणलं होतं, अक्षर छान येतं म्हणून.

आमचं काम पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचं, विक्री आणि दुरुस्ती. दुकान दांडिया बाजारात, बाबांनी सुरू केलेलं. या धंद्यात मशीन एकदाच विकलं जातं, पुढची आठ-दहा वर्षं घर चालतं ते सर्व्हिसवर. सहा-आठ महिन्यांनी कॅण्डल म्हणजे गाळणी बदलायची, दोनेक वर्षांनी मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बोअरचं खारं पाणी असेल तर त्याच्याही आधी. तारीख चुकली, आपला फोन गेला नाही, तर गिऱ्हाईक भांडत नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतं, आणि आपण जातो तेव्हा आपल्या स्टिकरवर त्याचं स्टिकर बसलेलं असतं. त्या वर्षी अशी स्टिकरं मी खूप पाहिली.

मग मी सगळं एक्सेलमध्ये घातलं. ती फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आणि दुरुस्तीला जाणारी मुलं गोत्री नाहीतर वाघोडिया रोडला गिऱ्हाइकाच्या ओट्यासमोर उभी. "मागचं मेम्ब्रेन कधी बदललं हो?" असे दिवसाला वीस फोन. त्यावर तोडगा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. जॉबकार्डाचे फोटो सुप्रभातच्या फुलांखाली गाडले गेले. वर एक मुलगा नोकरी सोडून गेला तो ग्रुपमधले सगळे पत्ते घेऊनच. पुढे त्याचीही स्टिकरं दिसायला लागली.

गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं पहिलं सॉफ्टवेअर घेतलं ते स्वस्त म्हणून. नाव लिहीत नाही. वर्षाचे पैसे आधी भरले. दुसऱ्या वर्षी दर एकदम वाढवला, तेव्हा म्हटलं, आमचा डेटा द्या, आम्ही निघतो. त्यांनी दिला, पण पीडीएफमध्ये. साडेअकराशे गिऱ्हाइकं, छापील पानांसारखी. दिवाळीच्या सुट्टीत वहिनी आणि पुतण्या फराळाची ताटं बाजूला ठेवून ती परत टाइप करत होते. तेव्हापासून विकणारा कोणीही येवो, माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळी माहिती सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाइलमध्ये, माझ्या हाताने, तुम्हाला न विचारता काढता येते का? "आमच्या टीमला मेल करा" असं उत्तर आलं की चहा पाजून निरोप द्यायचा.

नंतर बऱ्याच डेमो पाहिल्या. प्रत्येकात 'लीड' आणि 'पाइपलाइन'. ते साहजिकच आहे. सेल्सफोर्स १९९९मध्ये निघाली, झोहोचं सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, २००५मध्ये आलं, आणि या सगळ्या मंडळींचं मूळ दुखणं विक्रीचं: चौकशी आली, तिचं बिल कधी होणार? आमचं दुखणं बिल झाल्यावर सुरू होतं. झोहोचा तीन जणांपर्यंतचा फुकट प्लॅन होता, त्यावर मी घरी बसून हात साफ करून घेतला. तिथे एक गोष्ट कळली ती आजही कामी येते. आमच्याकडे नोंद माणसाची नाही, मशीनची हवी. एकाच माणसाचं एक मशीन घरी आणि दुसरं मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात असतं. भाडेकरू जातो, मशीन तिथेच राहतं. गिऱ्हाइकाच्या नावाखाली मशीन, मशीनखाली त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण), बदललेले भाग आणि पुढची तारीख, अशी उतरंड ज्यात बसेना ते बाद.

आणि नावाने शोधायचं म्हटलं तर 'पटेल' लिहून बघा.

म्हणून मोबाइल नंबर ही ओळख ठेवली. तिथेही गंमत झाली. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी गिऱ्हाइकाला जातो, अशी सोय एका अ‍ॅपमध्ये होती, विकणाऱ्याला तिचा फार अभिमान. आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांनी नंबर दिलेला मुलाचा, आणि मुलगा कॅनडात. दुपारी कारेलीबागेत कॅण्डल बदलली की तिकडे मध्यरात्री फोन वाजणार. ओटीपी बंद केला.

खरी परीक्षा घेतली ती आमच्या मिस्त्रीकाकांनी. ते बाबांच्या वेळचे. ओल्या हातांनी, काच तडकलेल्या फोनवर, सिंकखाली वाकून. चार वेळा बोट लावूनही बटण दाबलं गेलं नाही की फोन खिशात आणि नोंद गेली. त्यामुळे मला हवं होतं ते एवढंच: तीन मोठी बटणं, गुजरातीत, आणि जुन्या मीटरचा फोटो काढायची सोय. शिवाय नव्या सोसायट्यांमध्ये आतल्या स्वयंपाकघरात नेटवर्क नसतं. एका डेमोत मी म्हटलं, तुमचा फोन फ्लाइट मोडवर टाका आणि आता एक कम्प्लेंट बंद करून दाखवा. तो तरुण हसला, मग हसायचा थांबला. पांढऱ्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं. ज्यांचं चाललं त्यांचंच आम्ही घेतलं: नोंद फोनमध्ये साठते, रेंज आली की वर जाते. त्यातही एक खोच आहे. दुपारी मी दुकानातून पत्ता सुधारला आणि संध्याकाळी काकांच्या फोनमधली सकाळची नोंद वर गेली, तेव्हा जुना पत्ता परत आला. शेवटी येईल ती नोंद खरी, असा त्याचा हिशेब. म्हणून पत्ता बदलण्याचा हक्क आता फक्त दुकानाकडे, आणि मुलांना दिसतात ती फक्त आजची कामं.

दर सांगताना माणशी महिन्याचा सांगतात. बिल वर्षाचं येतं, वर १८ टक्के जीएसटी. हेल्परला वेगळं लॉगिन लागत नाही, हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नाही.

कोण कुठे आहे हे नकाशावर दाखवणारी सोयही होती. मी सुरू केली. काका दुसऱ्या दिवशी काउंटरशी येऊन उभे राहिले. "तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी अख्खं बडोदं फिरलोय. आता तू मला टिंब करून बघणार?" त्याच संध्याकाळी बंद केली. आता दारात पोचल्यावर एक बटण दाबायचं, एवढंच.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि पार ३५ फुटांच्या वर गेली. दुकान बंद, वीज नाही, फोन गाडीत बसून चार्ज केला. पण यादी हातात होती. समा, अकोटा, कारेलीबाग, वडसर असे भाग निवडून तळमजल्यावरची मशीनं वेगळी काढली, आणि वहिनीने आणि मी लागेल त्याला फोन लावले: पाणी ओसरलं तरी प्लग लावू नका, आधी आम्हाला बघू द्या. अर्ध्याहून जास्त फोन लागलेच नाहीत. ज्यांचे लागले त्यांच्यातल्या काहींचे पंप आणि अ‍ॅडॅप्टर आम्ही उघडून, वाळवून वाचवले.

मिस्त्रीकाका अजूनही खिशात डायरी ठेवतात. दिवसाची कामं तिच्यात लिहितात, रात्री जेवण झाल्यावर फोनमध्ये भरतात, त्यामुळे माझ्या पडद्यावर त्यांची सगळी कामं साडेनऊ वाजता झालेली दिसतात. मी काही बोलत नाही. मध्ये एकदा त्यांना भेट म्हणून चांगलं पेन दिलं, तर त्यांनी झाकण उघडून निब पाहिली आणि परत केलं. जेल होतं.