सी-बाउट वळला! (पाच पट्ट्या मोडल्यावर)

मागच्या वेळी माझ्या व्हायोलिनचे सहाही ब्लॉक (चार कोपऱ्यांतले आणि दोन टोकांचे लाकडी ठोकळे) साच्यावर बसवून, पटाशीनं आकाराला आणून झाले होते आणि चार दिवसांत रिब्स (व्हायोलिनच्या बाजूच्या मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या) वळवते असं मी लिहिलं होतं. त्याला सात आठवडे झाले. मधे गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं, ओसरलंही. माझं बाक मात्र मोडक्या मेपलनं भरत राहिलं.

पाचही पट्ट्या सी-बाउटच्या, म्हणजे व्हायोलिनच्या कमरेशी आत वळणाऱ्या भागाच्या, आणि पाचही एकाच जागी मोडल्या: कोपऱ्याच्या ब्लॉकशी, जिथं वळण सगळ्यात तंग आहे. मेपलच्या ज्या लहरींवर आपण जीव टाकतो, तिथं तंतू नागमोडी असतात, पृष्ठभागावर येऊन तुटतात. बाहेरची बाजू ताणली की चीर तिथूनच सुरू होते. हे माहीत असूनही उपाय सापडत नव्हता. जास्त भिजवली, तर पट्टी फुगून वाळताना पिळली. आच वाढवली, तर करपली. बाहेरून पातळ पोलादी पट्टीचा आधार दिला, तिसरी त्यानं जवळजवळ वाचली होती. जवळजवळच.

मग खापर बेंडिंग आयर्नवर, म्हणजे पट्टी तापवून वाकवायच्या यंत्रावर फोडलं. ऑनलाइन घेतलेलं ते ॲल्युमिनियमचं यंत्र एका बाजूला तापतं, दुसरीकडे कोमट राहतं, आणि त्याचं टोक सी-बाउटला फारच बोजड आहे. नवशिक्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. तांब्याचं भरीव, निमुळतं टोक करून घ्यावं म्हणून जुन्या नाशकात तांबट आळीत गेले. आकार कळावा म्हणून सोबत सहावी पट्टी नेली होती.

तिथल्या तांबटकाकांनी टोकाचा नकाशा बाजूला ठेवला, पट्टी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवली आणि अंगठा फिरवला. "अगं, ही सारखी नाहीये. इथं जाड, इथं पातळ. पत्रा असा असला तर तोही इथंच मोडेल."

घरी येऊन कॅलिपर लावला. कडेला 1.0 मिमी, बरोबर. मधे 1.25, आणि दोन सेंटिमीटरवर 0.9! मी आजवर फक्त कडा मोजत होते. स्क्रॅपर (खरवडायची पोलादी पट्टी) लहरींच्या मऊ भागात जास्त खातो, कडक भागावरून सरकतो, आणि सगळा वाक त्या पातळ जागी गोळा होतो. पाच पट्ट्यांचं कारण हे होतं, आच किंवा पाणी नव्हे.

आता रंध्याला दातेरी पातं लावते, त्यानं लहर उपटत नाही. स्क्रॅपर शेवटी, अगदी थोडा. दर दोन सेंटिमीटरला माप, आणि मग काकांसारखी बोटांत वाकवून बघायची: कमान गुळगुळीत आली तरच पुढे. पाणी नुसतं पुसण्यापुरतं, कारण लाकूड मऊ करते ती उष्णता. टोकावर थेंब चर्र करून उडाला पाहिजे. काल रात्री सहावी पट्टी काकांनी करून दिलेल्या तांब्याच्या टोकावर टेकवली आणि ती हाताखाली सैल पडल्याचं जाणवलं. ढकलावी लागली नाही. ब्लॉकवर ठेवली तर उजेडाची फट नाही! दहा मिनिटं नुसती बघत बसले.

या हवेत सरस वाळायला वेळ घेतो, म्हणून शिकंजे दोन दिवस काढणार नाही. पुढे उरलेल्या रिब्स आणि मग लायनिंग (रिब्सच्या कडांना आतून चिकटवायच्या बारीक पट्ट्या), त्यासाठी स्प्रूस कापून ठेवलं आहे. पण लिहिता लिहिता सुचलं, इटलीतला जुना नामवंत व्हायोलिनकार स्ट्राडिव्हारी, त्याचे ब्लॉक आणि लायनिंग विलोचे असत, आणि आपला ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला. हलका आहे, वळतोही छान म्हणतात. तर स्प्रूस राहू दे. आधी वाळुंजाची एक वाळलेली फांदी मिळवते, दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढून त्याच तांब्यावर वाकवून बघते. कुणी वापरला असेल तर तो किती महिने वाळवला ते नक्की सांगा.