दुपारच्या नकाशात न दिसणारी उष्णता

नाशिकची हवा थंड, ही आपली जुनी प्रौढी आहे. त्यामुळे ‘इमारती वाढल्या आणि शहर तापले’ असे कोणी म्हणाले की मला आधी विचारावेसे वाटते, नेमके काय तापले, हवा की जमीन, आणि कोणत्या प्रहरी?

वेधशाळेचा तापमापक सावलीतल्या, माणसाच्या उंचीच्या आसपासच्या हवेचे तापमान सांगतो. उपग्रह पृष्ठभागातून निघणारी अवरक्त किरणे मोजतो. मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंशांवर असताना डांबरी रस्ता ६० अंशांवर जाऊ शकतो. तरीही उन्हाळ्यातील दिवसाच्या उपग्रहीय नकाशांत भारतातील अनेक शहरांपेक्षा त्यांच्या भोवतालची शेतेच अधिक तापलेली दिसतात, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यात नवल नाही. रब्बीचे पीक निघाल्यावर नांगरून पडलेल्या काळ्या जमिनीत ना ओल असते ना तिच्यावर सावली, आणि आपल्या द्राक्षबागाही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काही काळ उघड्याबोडक्याच असतात. एवढ्यावरून शहर गावापेक्षा थंड ठरवणारे (गृहप्रकल्पांच्या जाहिरातींना हा निष्कर्ष सोयीचाच) रात्रीचा विचार करत नाहीत.

कोरडी, भुसभुशीत माती उष्णता खोलवर जाऊ देत नाही. ती वरच्यावर तापते आणि सूर्यास्तानंतर लवकर निवते. काँक्रीट आणि डांबर मात्र दिवसभर उष्णता पोटात साठवतात व रात्रभर सोडत राहतात, आणि समोरासमोरच्या उंच इमारतींमधून आकाशाचा चिंचोळा पट्टाच उघडा असल्याने त्यातली बरीचशी एका भिंतीकडून दुसरीकडे जात राहते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या नोंदींतून हेच दाखवले होते: शहर रात्री परिसरापेक्षा उबदार, दिवसा किंचित थंड.

आपल्याकडे खरा बदल शहराच्या कडेला, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूंना होतो आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. ठिबकवर वाढणारी पालेदार बाग हे काम दिवसभर करत असते. तिचा ले-आऊट पडला की पाणी तुटते, मुरूम पसरतो, आधी रस्ते होतात आणि घरे पुष्कळदा काही वर्षांनी येतात. या मधल्या काळात ती जमीन पडीक शेतासारखी दुपारी तापते, शिवाय रस्त्यांमुळे रात्रीही पूर्ण निवत नाही. पुढे वस्ती झाल्यावर झाडे लावली जातात खरी, पण पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले तर मुळांपर्यंत पाणी पोहोचणार कसे, हे मला आजवर उमगलेले नाही.

गच्चीला पांढरा रंग देण्याचा उपाय चांगला आहे, परंतु तो गच्चीपुरताच. रस्ते, वाहनतळ आणि नदीकाठ त्यात येत नाहीत. गोदावरीत रामकुंड परिसरातील कुंडांचे तळही काँक्रीटने झाकले गेले. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांचा विचार होत असताना उष्णतेचा नकाशा मागवायचा असेल, तर तो उपग्रहावरच्या मॉडिससारख्या उपकरणाच्या रात्रीच्या फेरीचाही मागवावा. त्याचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा असल्यामुळे एखादी कॉलनी त्यात ओळखू येणार नाही, पण पंचवटीपासून अंबडपर्यंतचा पट्टा आणि शहराबाहेरची शेते यांच्यातला रात्रीचा फरक पाहायला तेवढे पुरते.