पातळ पुस्तकांची बाजू

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्या हातात मी सोपी केलेली कादंबरी ठेवली की हमखास कुणीतरी विचारतं, "हे लहान मुलांचं आहे का?" नाही हो! मुलांच्या पुस्तकात परीची छडी, बेडकाचं डराँव डराँव असले शब्द बिनधास्त येतात, कारण त्या भाषेत वाढलेल्या मुलाला ते ठाऊकच असतात. माझ्या या पातळ पुस्तकांत मात्र खून असतात, फसलेली लग्नं असतात. शब्द तेवढे मोजून दिलेले.

अगदी शब्दशः मोजून. ऑक्सफर्ड बुकवर्म्स या सोप्या पुस्तकांच्या मालिकेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द, सहावीला २५००. व्याकरणालाही कात्री. खालच्या पायऱ्यांवर पूर्ण भूतकाळ नसतो, म्हणजे 'तो पोचला तोवर ती निघून गेली होती' हे लिहायचीच सोय नाही. आधी तिला घराबाहेर काढावं आणि मग त्याला दारात आणावं, तर रहस्य तिथेच फुटलं. मुरलेला लेखक तिचं जाणं दाखवतच नाही. तो येतो, दार उघडं असतं, कपाट रिकामं असतं. साधा भूतकाळ पुरतो, वाचक बरोबर दचकतो.

म्हणून गाजलेल्या जाडजूड कादंबरीच्या साठ पानांत आटवलेल्या रूपापेक्षा शिकणाऱ्यांसाठीच नव्याने लिहिलेली गोष्ट मला जास्त आवडते. केम्ब्रिज इंग्लिश रीडर्स या मालिकेत अशा गोष्टी मिळतात. गाजलेल्या कादंबरीचं कथानक उरतं, पण लेखकाची तिरकस बोलण्याची ढब आधी जाते.

हा खटाटोप जुना आहे. १९२०च्या दशकात ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांना दिसलं, की तिथल्या मुलांच्या इंग्रजी शिकायच्या पुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात. त्यांनी शब्द निवडून, तेच पुन्हापुन्हा आणत पुस्तकं लिहिली.

पायरी कशी निवडायची? मधलं कुठलंही पान उघडा. शब्दकोशाशिवाय आरामात वाचायचं तर शंभरात दोनच शब्द अनोळखी असावेत, असं संशोधक सांगतात. बहुतेक जण मात्र अब्रूचा प्रश्न करून वरची पायरी उचलतात आणि दहाव्या पानावर पुस्तक मिटतात. अशांना मी सरळ दोन पायऱ्या खाली पाठवते.

शेवटच्या पानांवरचे प्रश्न? ते मी कुणालाच सोडवायला लावत नाही. तेवढ्या वेळात पुढच्या पुस्तकाचं एक प्रकरण होतं.