सुरवंट केक खातो का?

आज दुसरीच्या वर्गात एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' घेऊन बसले. 1969चं पुस्तक, पानांना गोल भोकं. भोकातून बोट घातल्याशिवाय एकही कार्टं पान उलटू देईना. शनिवारी सुरवंट केक, आईस्क्रीम, कलिंगड सगळं फस्त करतो, तिथे मागून आवाज आला, "बाई, खोटंय हे! आमच्या कढीपत्त्यावरची अळी फक्त पालाच खाते."

मग काय, अख्खी वरात शाळेमागच्या कढीपत्त्यापाशी. अळ्या होत्याच. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, मोठी हिरवीगार. एकाने काडीने डिवचली, तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून असा उग्र वास सोडला की सगळे किंचाळत मागे! आपल्या राज्याचं फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, तेही याच लिंबू कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, हे सांगितल्यावर तर पानन् पान उलटून झालं.

पाठ्यपुस्तकातल्या जीवनचक्राच्या बाणांवर असा वाद कधी होत नाही. मला तर चित्रपुस्तकातला खोटेपणाच कामाचा वाटतो.

एक अळी बरणीत घालून वर्गात ठेवलीय. रविवारी पाला कोण घालणार, यावरून मारामारी चालू आहे.