तडकलेला बर्फ

आज ड्रिलमधून वर काढलेला बर्फाचा कोअर, म्हणजे लांबट दंडगोल, ट्रेवर ठेवला आणि कुणी हात लावायच्या आत तडकला. टक्! बारीकसा आवाज, आणि लांबीभर चीर.

जवळपास ७०० मीटर खालचा बर्फ. तिथे हवेचे बुडबुडे प्रचंड दाबाखाली असतात. वर आलं की बाहेरचा दाब जातो आणि बर्फ आतूनच फुटतो. म्हणून असे कोअर कापायच्या आधी कित्येक महिने नुसते ठेवून देतात.

ड्रिल सांभाळणारी हळूच म्हणाली, "खूप खालून आलाय गं तो. वेळ द्यायला हवा."

कान जवळ नेला. अजून टकटकत होता.

अंटार्क्टिकात डोम सी या ठिकाणच्या बर्फातून ८ लाख वर्षांपूर्वीची हवा हाती लागली, तीही अशीच, जपून आणलेली. आणि मी दिवसभर मीटर मोजत होते. उद्या सकाळी पहिला प्रश्न "किती मीटर?" हाच विचारू का?