लेहमधली ओल

मी वॉटरप्रूफिंगच्या लाईनमध्ये आहे, बारा वर्षं झाली, बहुतेक कामं मुंबई-ठाणे आणि कोकणात. आमच्याकडे सगळा हिशोब पावसाचा. गच्चीवर साचला काय, भिंतीतून झिरपला काय, शेवटी पाऊसच. त्यामुळे लेहच्या एका गेस्टहाऊसचं अंगण सील करायचं काम आलं तेव्हा ऑफिसमधल्या पोरांनी विचारलं की तिथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, आपल्या महाबळेश्वरला तेवढा एका दिवसात पडतो, मग तिथे सीलर कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण तिथे काँक्रीट खातो तो बर्फ. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, काँक्रीटमधली बारीक भोकं अर्धी रिकामी असली तर त्या बर्फाला मावायला जागा मिळते, काठोकाठ भरलेली असली की नाही मिळत, मग काँक्रीट आतून फुटतं. आणि लेहला हे वर्षातून एकदा होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा उन्हाने बर्फ वितळतो, पाणी आत जातं, रात्री परत गोठतं. रोज. काँक्रीट करतानाच त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारं केमिकल घालतात ते यासाठीच, आपल्या आयएस 456 मध्येपण, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, अशा ठिकाणासाठी ते दिलंय, 20 मिलिमीटर खडीला 5 टक्के हवा, एक कमी किंवा एक जास्त. पण घरगुती अंगणाच्या कोब्यात हे कोण घालतंय. त्या अंगणातही नव्हतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. 3,500 मीटर उंची, पहिले दोन दिवस तर नुसतं पडून राहिलो, जिना चढलं तरी धाप लागायची. तिसऱ्या दिवशी अंगणात उतरलो. 900 चौरस फूट असेल, तीन बाजूंनी खोल्या, चौथ्या बाजूला म्हणजे दक्षिणेला कंपाऊंडची भिंत अन् पलीकडे पॉप्लरची पिवळी झालेली झाडं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या कोब्यावर चकचकीत ॲक्रिलिकचा कोट मारून दिला होता. मालकाचा मुलगा सांगत होता, सर, पहिल्या सीझनला काचेसारखं दिसायचं, गेस्ट फोटो काढायचे. आता उन्हाच्या बाजूला तो कोट पिवळा पडून तडकला होता, ते समजण्यासारखं आहे, एवढ्या उंचीवरचं ऊन फार कडक. पण दक्षिणेच्या, भिंतीच्या सावलीतल्या कोपऱ्यात वेगळंच होतं. मी खाली बसून एक पोपडा उचलला, पापडाएवढा, वरून काच आणि खालून त्याला चिकटून आलेली काँक्रीटची पातळ साय, आणि खाली जे उघडं पडलं त्यावर बोट फिरवलं तर वाळूचे दाणे सुटून बोटाला लागले. म्हणजे नुसता कोट सुटला नव्हता, कोट काँक्रीटला घेऊन सुटला होता. हिवाळ्यात निसरडं होतं म्हणून घरच्यांनी मीठपण टाकलं होतं, मिठाने हे पोपडे अजून वाढतात. ते मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं, माती किंवा वाळू टाका पण मीठ नको.

आमचं काम असं ठरलेलं: जुना कोट ग्राइंडरने घासून काढायचा, कोबा वाळू द्यायचा आणि मग सिलेन-सिलोक्झेनचा सीलर मारायचा. हा वर थर करत नाही, आत मुरतो आणि भोकांच्या भिंतींना असा चिकटतो की पाणी आत शिरत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ शकते. थंडीच्या ठिकाणी ही वाफेची वाट मोकळी राहणं मला सीलरच्या ब्रँडपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. माल ट्रकने मनालीवरून आला होता. त्याआधी एकदा पाण्यातला सीलर मागवलेला, तो वाटेत सरचूला रात्रभर ट्रकमध्ये गोठला आणि डबा उघडल्यावर नासलेल्या दुधासारखा फाटलेला निघाला, सगळा फेकून द्यावा लागला, म्हणून या खेपेला सॉल्व्हंटवाला.

झारखंडची दोन पोरं होती कामाला, दोन दिवसांत त्यांनी सगळं घासून काढलं. पुढचे तीन दिवस नुसतं ऊन आणि कोरडा वारा. अंगण पांढरंफटक दिसायला लागलं, हात लावला तर खडखडीत. साहेबांचा फोन आला, अरे कोरडं आहे ना, मग मार आणि ये, परवाचं तिकीट आहे. मलापण तसंच वाटत होतं खरं सांगायचं तर. पण सवय म्हणून, आत ओल आहे का बघायला, संध्याकाळी चार ठिकाणी प्लास्टिकचे तुकडे लावले, दीड फूट बाय दीड फूट, चारी कडांना टेप, हे निदान 16 तास ठेवायचं असतं. टेप धुळीवर चिकटेना म्हणून आधी फडक्याने पुसून घेतलं.

सकाळी नऊला बघायला गेलो. उन्हातले तिन्ही तुकडे कोरडे. दक्षिणेचा चौथा तुकडा लांबूनच दुधी दिसत होता. जवळ जाऊन बघितलं तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब, मोहरीएवढे, काही एकमेकांत मिसळून ओघळलेले. वरून बोट फिरवलं, वरची बाजू कोरडी. म्हणजे दव नव्हे. टेप काढला तर खाली बरोबर दीड फुटाचा काळपट चौकोन, ओल्या कपड्याने पुसल्यासारखा, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच-सात मिनिटांत तो कडेकडेने पांढरा होत गेला. त्या हवेत ओल वर आली की लगेच उडून जाते, म्हणून हाताला आणि डोळ्याला सगळं कोरडंच लागत होतं. कोबा खालून पाणी पीत होता आणि वरच्या ॲक्रिलिकने दोन वर्षं ते कोंडून ठेवलं होतं, तेच हिवाळ्यात गोठून साय उचलत होतं.

पण पाणी येतं कुठून? पाऊस नाही. पाईपलाईन त्या बाजूला नाही, टाकी नाही, बाथरूम नाही. मुलगा म्हणाला इथे पाण्याचं काहीच नाही सर. मी टेंपरेचर गन घेऊन भिंतीच्या कडेने फिरत होतो, उन्हात 17 अंश आणि त्या कोपऱ्यात 3, तेवढ्यात घरातले आजोबा बाहेर आले, मेमे-ले म्हणतात तिकडे आजोबांना, ऐंशीच्या घरातले, हातात जपमाळ. ते सकाळपासून खिडकीतून आमचं चाललेलं बघत होते. मी त्यांना प्लास्टिकवरचे थेंब दाखवले. त्यांनी प्लास्टिक हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि भिंतीपलीकडे बोट करून म्हणाले, "उधर ओल है."

माझ्या अंगावर काटा आला. लेहमधला म्हातारा माणूस आणि शब्द माझ्या आईचा, भिंतीला ओल आली म्हणताना ती वापरते तो. मी दोनदा विचारलं, ओल? ते म्हणाले हां हां, ओल, चलो दिखाता हूँ. आणि मला मागच्या दाराने घेऊन गेले.

पलीकडे लसूणघासाचा लहानसा वाफा होता. लडाखीत लसूणघासाला ओल म्हणतात, हे मला तिथे उभं राहून कळलं. गायीसाठी चारा. आणि त्या वाफ्याला पाणी देणारा पाट, युरा म्हणतात ते त्याला, आमच्या भिंतीपासून दोन फुटांवरून जात होता, नुसते दगड लावलेला, सांध्यात सिमेंटचा कण नाही. हिवाळ्याआधीचं शेवटचं पाणी चालू होतं. मी भिंतीच्या पायाशी खुरप्याने उकरलं, वरची माती भुकटी, वीतभर खाली चिखल. त्यांची ओल आणि माझी ओल दोन्ही एकाच जागी निघाली.

साहेबांना फोन केला आणि सांगितलं की तो कोपरा, 200 चौरस फूट, मी मारणार नाही. सीलर वरून येणारं पाणी अडवतो, खालून ढकलत येणारं त्याला अडवता येत नाही, आणि कोबा आतून भरलेला असला तर तो नीट मुरतही नाही. ते वैतागले, बिल पूर्ण अंगणाचं आहे म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, लांबचं काम, परत येणं म्हणजे खर्च. मी म्हटलं तिकीट पुढे ढकला, बोलून झालं. मुलाचं तोंड पडलं, अर्धवट अंगण कसं दिसेल म्हणून. मेमे-ले मात्र काही न बोलता शेजारच्या घरी गेले, कारण तिकडे पाट कुणा एकाचा नसतो, पाण्याच्या पाळ्या असतात, विचारल्याशिवाय दगड हलवत नाहीत. दुपारपर्यंत परवानगी घेऊन आले. संध्याकाळपर्यंत भिंतीलगतच्या 25 फुटांत सहा इंची पाईप टाकला, पाट आणि भिंतीच्या मध्ये चर खणून खडी भरली.

दुसऱ्या दिवशी बाकीचं अंगण मारलं. साडेदहाला सुरू केलं, कोबा सगळीकडे 10 अंशावर आल्यावर, आणि अडीचला थांबायचं हे आधीच ठरवलं, कारण चारनंतर ऊन डोंगराआड गेलं की तापमान धाडकन पडतं आणि सीलरला मुरायला काही तास ऊब लागते. घरातली बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, आणि गॅस बंद करायला लावला, सॉल्व्हंट आहे, ठिणगी नको. मास्क लावून त्या उंचीवर पाठीवर पंप घेऊन वाकणं सोपं नाही, दर दहा मिनिटांनी उभं राहून श्वास घ्यायचो. ओल्यावर ओलं असे दोन हात, कुठे डबकं साचलं की पोरगा लगेच ब्रशने पसरवायचा. आणि वारा सुटला की पॉप्लरची पिवळी पानं येऊन ओल्या कोब्यावर पडायची, मेमे-ले खुर्ची टाकून कडेला बसलेले, पान पडलं की काठीने दाखवायचे, पोरगा अनवाणी जायला निघाला तर त्याला ओरडून त्यांनी बूट घालायला लावले. 16-17 लिटर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला बोलावून मी मारलेल्या भागावर पेलाभर पाणी ओतलं. थेंब गोळा होऊन उताराने पळाले, कोब्याचा रंगसुद्धा बदलला नाही. मग तसंच कोपऱ्यात ओतलं, तिथे कोबा काळा पडला आणि पाणी आत गेलं. त्याला म्हटलं हिवाळ्यात छपरावरचा बर्फ या कोपऱ्यात लोटू नका, तेवढं करा. त्याने मान हलवली. चकचकीत नाही दिसत सर, म्हणाला. मी म्हटलं हो, हे दिसतच नाही.

मे महिन्यात परत गेलो, त्याच ट्रिपमध्ये दुसरं एक काम होतं म्हणून जमलं. सील केलेल्या भागात एकही पोपडा नव्हता, मी गुडघ्यावर बसून सांध्यासांध्याने बघितलं. कोपऱ्यात दोन ठिकाणी रुपयाएवढे टवके उडाले होते, बास. पलीकडे पाटाला पाणी सुटलेलं, पाईपमधून जाताना आवाज येत होता. मी पिशवीतून प्लास्टिक काढलं, त्याच जागी लावलं, चारी कडा टेपने बंद केल्या. मेमे-ले खिडकीत होते, जुले म्हणाले, तिकडचा नमस्कार.

सकाळी नऊला मी जायच्या आधीच ते तिथे उकिडवे बसलेले होते. टेप त्यांनीच काढला. प्लास्टिक उलटं करून उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं, मग माझ्या हातात दिलं. थेंब नव्हता. मी खाली हात ठेवला, चौकोन कुठे होता तेही कळत नव्हतं. साडेदहाला पंप भरला.