चार स्टिक, दोन किट आणि टीआरएफसीचं लफडं

रॅमचा जुना किट, म्हणजे एकत्र विकलेली स्टिकची जोडी, एकटा लावला तर पीसी मस्त चालतो, नवा एकटा लावला तरी मस्त, आणि चारही स्टिक एकदम बसवल्या की निळी स्क्रीन, कधी नुसताच रीस्टार्ट, कधी मोठी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची तक्रार. असं झालं की लोक आधी नवी रॅम परत पाठवतात, बदली येते तिचंही तेच, मग मदरबोर्डवर संशय, मग एसएमपीएसवर (पॉवर सप्लाय), आणि शेवटी कोणीतरी हमखास सांगतं की विंडोज फॉरमॅट मार. बरेचदा यातलं खराब काहीच नसतं. हेच जरा नीट लिहून ठेवतोय, कारण सध्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं हेच चाललंय.

माझा मामेभाऊ इंदूरच्या सुदामा नगरला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन 5 3600, बी450 चा बोर्ड, 2020 मध्ये घेतलेला 8-8 जीबीचा डीडीआर4 किट, स्पीड 3200, सीएल16 (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत किती क्लॉक जातात तो आकडा). 4के टाइमलाइनला 16 जीबी पुरेना म्हणून त्यानं तसलाच दुसरा किट मागवला, कंपनी तीच, डबा तोच, मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर तोच. आणि एक्सपोर्ट अर्ध्यात मरायला लागला. "दादा, सेम टु सेम आहे रे, मग भांडतायत कशाला?" असा त्याचा फोन.

आता शहाणा सल्ला काय, तर दोन्ही विकून 16-16 ची एकच जोडी घे. सल्ला बरोबरच आहे, किट म्हणून विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात, दोन वेगळ्या डब्यांची गॅरंटी कोणी देत नाही. पण 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव जे भडकलेत, सगळा माल एआयच्या सर्व्हरकडे चाललाय, मायक्रॉननं तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं, त्यात हा सल्ला देणाऱ्यानं पैसे पण द्यावेत.

ओळखीच्या दुकानदारानं नवा किट आपल्या टेबलावर लावून बघितला आणि म्हणाला, "भिया, माल एकदम ओके है." खोटं नव्हतं ते. दोनच स्टिक, डेस्कटॉपपर्यंत बूट, झालं. पण बूट होणं म्हणजे रॅम तपासणं नव्हे, विंडोज चालू व्हायला लागते तेवढी मेमरी कुठेतरी चांगली असतेच. मेमटेस्ट86 प्लस फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि रात्रभर सोडून द्या. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणालं तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही, एरर सापडली म्हणालं तर मात्र ठेवतो.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारा सेटिंगचा मेनू) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त स्पीडवर पळवणारं तयार सेटिंग, बंद करायचं. डब्यावरचं 3200 हे एक्सएमपीचं असतं, 1.35 व्होल्टवर. ते काढलं की स्टिक आपल्या साध्या जेडेक (रॅमचे नियम ठरवणारी संस्था) स्पीडवर 1.2 व्होल्टला येतात. चारही स्टिक तिथे रात्रभर एकही एरर न देता चालल्या, म्हणजे स्टिकही चांगल्या, स्लॉटही चांगले, भांडण स्पीड आणि टायमिंगचं आहे. ही एक टेस्ट केली असती तर निम्म्या लोकांचं कुरिअर वाचलं असतं.

स्लॉटचं पण बघून घ्या. एका किटची जोडी सीपीयूकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, दुसऱ्या किटची पहिल्या आणि तिसऱ्यात, म्हणजे दोन्ही चॅनलला (सीपीयू ते रॅमचे दोन रस्ते) प्रत्येक किटची एकेक स्टिक येते. आणि दोनच स्टिक असल्या तर दुसरा-चौथाच का, तर बहुतेक बोर्डांवर वायरिंग आधी जवळच्या स्लॉटला जाऊन मग लांबच्याला जातं, जवळच्यात स्टिक लावून लांबचा मोकळा ठेवला तर उरलेली लाइन नुसती लटकत राहते आणि सिग्नल तिथून आपटून परत येतो.

आता मुख्य भानगड. एसपीडी, म्हणजे स्टिकवरच साठवलेली तिची माहिती, वाचणारं सॉफ्टवेअर घ्या, सीपीयू-झेड किंवा थायफून बर्नर, आणि एकेक स्टिक बघा. मॉडेल नंबर हा स्पीड, सीएल आणि व्होल्टचा वायदा असतो, आतली चिप कोणाची आणि कोणती याचा नसतो. भावाच्या जुन्या स्टिकवर 8 गिगाबिटच्या (म्हणजे 1 जीबीच्या) आठ चिपा, नव्यावर 16 गिगाबिटच्या फक्त चार. बेरीज दोन्हीकडे 8 जीबीच, वर हीटसिंक चिकटवलेलं, बाहेरून काय कळणार कपाळ. आणि इथेच फरक पडतो, कारण डीरॅमला सारखं रिफ्रेश करावं लागतं नाहीतर ती विसरते, आणि एका रिफ्रेशला किती वेळ द्यायचा तो आकडा म्हणजे टीआरएफसी. जेडेकच्या हिशोबात 8 गिगाबिट चिपला 350 नॅनोसेकंद आणि 16 गिगाबिटला 550. 3200 च्या स्पीडला एक क्लॉक 0.625 नॅनोसेकंदाचा, म्हणजे जुन्या स्टिकला 560 क्लॉक लागतात आणि नव्याला 880.

बायोसमध्ये जाऊन बघितलं तर एक्सएमपी चालू केल्यावर टीआरएफसी 560! चारही स्टिकला. जुन्या स्टिक खूश, नव्या बिचाऱ्या रिफ्रेश संपायच्या आत परत कामाला लावलेल्या. नवा किट एकटा लावला की बोर्ड त्याचा स्वतःचा आकडा घ्यायचा, म्हणून एकटा असताना काहीच बोंब नाही.

सीएल, टीआरसीडी वगैरे टायमिंगचे पहिले चार आकडे सारखे आहेत म्हणून लोक निश्चिंत होतात, पण मारामारी खालच्या आकड्यांत असते. सगळे आकडे शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकात जो ढिला, म्हणजे जास्त वेळ देणारा, असेल तो हातानं भरा. आम्ही 880 टाकला, एरर एकदम कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. त्याला कारण वेगळं. एएमडीनंच या रायझन 3000 साठी लिहून ठेवलंय की दोन स्टिकला 3200, चार सिंगल रँक स्टिकला (रँक म्हणजे एकदम चालणारा चिपांचा गट) 2933, आणि चारही ड्युअल रँक असतील तर 2667. एकेका चॅनलवर दोन-दोन स्टिक लटकल्या की मेमरी कंट्रोलरवर लोड वाढतो, सिग्नल मळतो. पुढे 3200 चाललं तर ते तुमचं नशीब, हक्क नव्हे. मी 2933 वर आणलं, 550 नॅनोसेकंदाचा हिशोब तिथे 807 ला बसतो पण 880 तसाच राहू दिला, गिअर डाउन मोड (कमांड जरा सावकाश पाठवायचं सेटिंग) चालू, व्होल्ट 1.35 च, आणि मेमटेस्ट स्वच्छ.

व्होल्ट वाढवत सुटू नका प्लीज. 1.45, 1.5 करून "झालं स्टेबल" म्हणणारे भेटतात, टायमिंग चुकीचं असताना व्होल्टनं ते झाकायचं म्हणजे तापात क्रोसिन घेऊन ऑफिसला जाणं.

अजून एक, टेस्ट भर दुपारी पण करा. इंदूरमध्ये मे महिन्यात 40-42 डिग्री, खोलीत कूलर, आणि चार स्टिक खेटून बसल्या की मधून हवा जात नाही. गरम झाली की चिपमधला चार्ज लवकर गळतो, म्हणून तर डीडीआर4 मध्ये 85 डिग्रीच्या वर रिफ्रेशचं अंतर 7.8 वरून 3.9 मायक्रोसेकंद असं निम्मं करायला सांगितलंय. आपल्या स्टिक 85 ला जात नसतात, पण रात्री काठावर पास झालेलं सेटिंग दुपारी नापास होऊ शकतं. आमचं झालं नाही, पण बघितलं.

"3200 चे पैसे दिले आणि 2933 वर चालवायचं?" भावाचा चेहरा पडला. अरे बाबा, 16 जीबी भरल्यावर प्रीमिअर (तुझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एसएसडीवर जाऊन बसत होतं ते थांबलं, त्यापुढे हे 267 एक्सपोर्टमध्ये शोधून दाखव.

सगळं जमल्यावर बायोसच्या स्क्रीनचे मोबाइलनं फोटो काढून ठेवा, बायोस अपडेट केलं की ही सेटिंग बहुतेक उडतात. आणि रॅम गडबडलेली असताना जे जे डिस्कवर लिहिलं गेलं ते पण गडबडलेलं असू शकतं, म्हणून एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइल तपासणारी कमांड एकदा चालवा, त्या काळात कॉपी केलेलं फुटेज कार्डातून परत घ्या. कार्ड फॉरमॅट केलं नसेल तर, अर्थात. आमच्याकडे एका लग्नाच्या संगीत कार्यक्रमाच्या दोन क्लिप गेल्या, नवरीच्या मावशीचा डान्स होता म्हणे.

आता भावाला डीडीआर5 वर जायचंय आणि तिथेही आत्ता दोन, पुढे दोन असा बेत आहे. त्याला सांगितलं की रायझन 7000 ला दोन स्टिकवर 5200 आणि चार स्टिकवर अधिकृत आकडा थेट 3600 आहे, तेव्हा तिथे पहिल्याच दिवशी दोन मोठ्या स्टिक घे, नाहीतर घेऊच नको.